रावी कोण?

आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत इतिहास शिकवतो. उर्दूत इतिहासाला ‘तारीख’ म्हणतात आणि फळ्याच्या कोपऱ्यात रोज लिहितो त्या दिवसालाही तारीखच म्हणतात. त्यामुळे ज्यात सनावळी आहे ते खरे, अशी आमच्या मुलांची सरळ समजूत असते. ‘दास्तान’ वेगळी. तिच्यात जिन, परी, जादूगार असणारच. ऐकणारा ती खरी मानीत नाही आणि सांगणाराही तशी शपथ घेत नाही. दोघांमधला हा न लिहिलेला करार आहे. सिनेमाची अडचण अशी, की तो तारखेचा पोशाख चढवून दास्तान सांगतो आणि करार कोणता ते प्रेक्षकाला कळत नाही.

एकदा मधल्या सुटीत मुले मैदानात लढाई-लढाई खेळत होती. त्यांनी मोबाइलवर झॅक स्नायडरचा ‘३००’ पाहिला होता. प्रत्येकाला स्पार्टाचा योद्धा व्हायचे होते. इराणी व्हायला कोणी तयार नव्हते. शेवटी पाचवीची लहान मुले धरून आणून त्यांना इराणी केले. शत्रूला डोंगरवाट दाखवणाऱ्या फितूर एफियाल्टिसचे काम मात्र न विचारताच एका मुलाच्या वाट्याला आले, कारण त्याचा एक पाय अधू आहे. आम्ही व्हरांड्यातून पाहत होतो. सांगायला लाज वाटते, पण आम्हांला हसू आले. तो मुलगा हसला नाही. पुढच्या तासाला त्याने विचारले, “सर, वो गद्दार सच में कुबड़ा था क्या?”

त्या दिवशी आमच्यापाशी उत्तर नव्हते. ते शोधता शोधता आम्ही हिरोडोटसपर्यंत गेलो. इ.स.पू. ४८० मधल्या थर्मोपिलीच्या लढाईची सविस्तर हकिकत आपल्याला त्याच्याकडूनच मिळते. त्याच्या लेखी एफियाल्टिस हा त्याच मुलखातला एक माणूस. राजाकडून मोठे इनाम मिळेल या आशेने त्याने वाट दाखवली. कुबडाचा तिथे उल्लेखच नाही. ते कुबड आले फ्रँक मिलरच्या १९९८ सालच्या चित्रकथेतून, आणि तिथून २००६-०७ च्या सिनेमात.

एकदा पाने उलटू लागल्यावर आणखीही काही हाती लागले. शेवटच्या दिवशी लिओनायडसबरोबर केवळ तीनशे स्पार्टन नव्हते. थेस्पिया नावाच्या छोट्या शहराचे सातशे जण स्वखुशीने मागे राहिले आणि मेले. पुढे इराणी फौजेने त्यांचे शहरही जाळले. थीब्जचे चारशे होते. आणि मृतांत हेलॉट होते. हेलॉट म्हणजे स्पार्टाची शेती कसणारे गुलाम. त्यांना केव्हाही मारता यावे आणि हत्येचे पाप लागू नये म्हणून स्पार्टाचे अधिकारी दरसाल त्यांच्याविरुद्ध युद्ध पुकारीत, असे ॲरिस्टॉटलच्या हवाल्याने प्लूटार्क सांगतो. सिनेमातले वीर स्वातंत्र्याच्या नावाने गर्जना करतात. त्यांची भाकरी कोण पिकवीत होते, हे पडद्यावर येत नाही.

तेव्हा हिरोडोटस खरा आणि सिनेमा खोटा, असे म्हणून फळा पुसावा काय? तसेही करता येत नाही. हाच हिरोडोटस झर्क्सिसचे लढवय्ये सव्वीस लाखांहून अधिक सांगतो आणि नोकरचाकर धरून आकडा बावन्न लाखांच्या पुढे नेतो. आजचे अभ्यासक तो एक-दोन लाखांच्या आसपास आणतात. अशा आकड्यांवर इब्ने खल्दूनने १३७७ च्या आपल्या ‘मुकद्दमा’त फार मार्मिक लिहिले आहे. हजरत मूसांच्या फौजेत सहा लाख सैनिक होते, या कथनावर तो विचारतो की एवढी फौज उभी कुठे राहणार, आणि एका टोकाला काय चालले आहे हे दुसऱ्या टोकाला कळणार कसे? आकडा पवित्र कथेतला असो वा शत्रूचा, तो अकलेच्या तराजूत घातलाच पाहिजे, हा त्याचा धडा.

सिनेमाचे कैवारी म्हणतात, हे क्रमिक पुस्तक नव्हे. शिवाय ‘३००’ची कथा डिलिओस नावाचा स्पार्टन सैनिक पुढच्या लढाईआधी साथीदारांना स्फुरण चढावे म्हणून सांगतो. त्याने शत्रूला राक्षस केले तर नवल काय? हा युक्तिवाद आम्हांला पटण्याजोगा वाटतो. आमच्या परंपरेत कोणतीही हकिकत आली की पहिला प्रश्न असतो, रावी कोण? कोणी सांगितले, कोणाकडून ऐकले? सिनेमाने आपला रावी दाखवला आहे, हे मान्य.

पण मग त्या रावीकडेही नीट पाहू. डिलिओसचा एक डोळा गेला आहे आणि राजा त्याला परत पाठवतो. हे वाचताना हिरोडोटसमधला ॲरिस्टोडेमस आठवतो. त्याचे डोळे आले होते, त्याला रणातून रजा मिळाली आणि तो जिवंत घरी परतला. स्पार्टाने त्याचे काय केले? त्याला चुलीसाठी विस्तव कोणी देईना, त्याच्याशी कोणी बोलेना. त्याचे नाव पडले ‘थरथऱ्या’. पुढच्या वर्षी प्लाटियाच्या लढाईत तो सर्वांहून शौर्याने लढून मेला. तरी स्पार्टनांनी त्याला सन्मान नाकारला. म्हणाले, याला मरायचेच होते. सिनेमाने या उपेक्षिताच्या जागी मानाने परतलेला कथेकरी उभा केला. आमच्या त्या विद्यार्थ्याला खरी गरज होती ती ॲरिस्टोडेमसची. नेमका तोच गाळला गेला.

म्हणून आम्हांला वाटते, भांडण इतिहास आणि दास्तान यांच्यात नाहीच. होमरचे ‘इलियड’ दास्तानच आहे. देव रणांगणात उतरतात. तरी तिच्या अखेरीस म्हातारा प्रायम मुलाचे प्रेत मागायला जातो, मारेकऱ्याच्या हाताचे चुंबन घेतो आणि दोघे शत्रू आपापल्या माणसांसाठी रडतात. २००४ च्या ‘ट्रॉय’ने देव काढून टाकले, दहा वर्षांचे युद्ध थोड्या दिवसांत उरकले, मूळ कथेत वाचणारा मेनेलाउस मारून टाकला, पण प्रायमचा तो प्रसंग राखला. तेवढ्यापुरता तो सिनेमा होमरशी इमानदार आहे.

मॅरेथॉनवर इराण्यांशी स्वतः लढलेल्या एस्किलसने इ.स.पू. ४७२ मध्ये, म्हणजे सलामिसच्या विजयानंतर आठच वर्षांनी, ‘पर्शियन्स’ नाटक लिहिले. त्यात दारा बादशहाचे भूत बोलते, म्हणजे कल्पना भरपूर. पण अथेन्सच्या विजयी प्रेक्षकांसमोर त्याने शोक उभा केला तो झर्क्सिसच्या आईचा.

फिरदौसीने ‘शाहनामा’त सिकंदराला इराणच्या राजाचाच मुलगा केले. तारखेच्या हिशेबाने हे साफ खोटे. पण आपले तख्त जाळणाऱ्या आक्रमकाला त्याने राक्षस केले नाही, नातलग केले. जुन्या पारशी ग्रंथांत सिकंदर ‘शापित’ आहे. आणि मुंबईत १९४१ साली सोहराब मोदींनी, स्वतः पारशी असून, पृथ्वीराज कपूर यांच्या रूपाने त्यालाच पडद्यावर राजबिंडा आणि दिलदार उभा केला.

खोटे दोन जातींचे असते. एक माणसात भर घालते, दुसरे माणसातून माणूस वजा करते. पहिल्याला आम्ही दास्तान म्हणू आणि आनंदाने ऐकू. दुसऱ्याला कलेचे स्वातंत्र्य म्हणून सोडून देता येत नाही. २००७ मध्ये इराणमधून ‘३००’विरुद्ध जो आवाज उठला, त्यात तिथल्या सरकारचे राजकारण होतेच, पण आपले पूर्वज विद्रूप टोळी म्हणून जगभर दाखवले जाताना पाहण्याचे दुःख राजकारणाहून जुने आहे.

आम्ही त्या मुलाला सांगितले, “नाही बेटा, तसे कुठेही लिहिलेले नाही.” तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, “फिर पिक्चरवालों ने क्यों किया?”

याचे उत्तर आम्हांला पुस्तकात सापडले नाही. आमचे उत्तर असे, की इनामाच्या आशेने घसरणारा धडधाकट माणूस आपल्यासारखाच दिसतो आणि त्याच्याकडे पाहताना स्वतःची भीती वाटते. पाप कुबडावर लादले की आपण निर्धास्त होतो. व्हरांड्यात हसताना आम्हीही असेच निर्धास्त होतो.