कंट्रोल-झेड आणि कर्मविपाक

पुण्यात अप्पा बळवंत चौकापासून फार दूर नसलेल्या एका बोळात, जिथे पूर्वी खिळे जुळवण्याचा खडखडाट चाले आणि आता पंख्याच्या घरघरीखेरीज दुसरा आवाज नसतो अशा एका लहानशा दुकानात, पुतणीच्या लग्नाची पत्रिका तयार करून घेण्यासाठी मी लागोपाठ तीन संध्याकाळी जाऊन बसलो होतो. आणि त्या तीनही संध्याकाळी माझे लक्ष पत्रिकेपेक्षा संगणकापाशी बसलेल्या मुलाच्या डाव्या हाताकडेच अधिक होते. उजव्या हाताने माउस धरून तो अक्षरे इकडून तिकडे नेत असे, पण डाव्या हाताची करंगळी कंट्रोलच्या कळीवर जणू कायमची वस्तीला आली होती, आणि शेजारची अनामिका अधूनमधून झेडवर अशी उतरे, की पडद्यावरचा गणपती क्षणापूर्वी जिथे होता तिथे निमूटपणे परत जाई. आधीचाच रंग बरा होता, असे मी म्हणावे आणि माझे वाक्य पुरे होण्याच्या आत तो रंग परत यावा. एकदा तर माझ्या देखत सगळा मजकूरच नाहीसा झाला. मी दचकलो. तो मुलगा मान न वळवता म्हणाला, "काका, घाबरू नका, कंट्रोल झेड आहे ना."

हे वाक्य माझ्या मनात रेंगाळत राहिले. केलेले कर्म भोगल्यावाचून सुटत नाही, हे ज्या समाजात लहान मूल कोणी न शिकवता शिकते, त्याच समाजातला हा विशीतला मुलगा दिवसाकाठी शेकडो कर्मे करतो, त्यांतली निम्मी मागे घेतो, आणि मागे घेतल्याची खूणही चेहऱ्यावर उमटू देत नाही. ही सोय केवळ हातचलाखी म्हणून सोडून द्यावी, की तिने कर्माच्या स्वरूपाविषयी आपल्याला काही सांगितले आहे, असा प्रश्न मला पडला. आणि पडलेल्या प्रश्नाचा पिच्छा पुरवावा ही माझी जुनी खोड आहे.

संगणकाबरोबर ही मुभा जन्मली नाही. १९७० च्या दशकाच्या आरंभी वॉरन टाइटलमन या अमेरिकन संगणकशास्त्रज्ञाने लिस्प भाषेत काम करणाऱ्यांसाठी जी साहाय्यक प्रणाली रचली, तिच्यात दिलेला हुकूम मागे घेण्याची तजवीज होती. पुढे १९८३ साली ॲपल कंपनीच्या लिसा या संगणकावर झेड, एक्स, सी आणि व्ही या एका ओळीतल्या चार शेजारणींना मागे घेणे, कापणे, नक्कल करणे आणि चिकटवणे ही चार कामे वाटून दिली गेली, ती वाटणी आजतागायत मोडलेली नाही. फोटोशॉपमध्ये मात्र १९९८ सालच्या पाचव्या आवृत्तीत हिस्टरीचे दालन उघडेपर्यंत माघार एका पावलापुरतीच होती. आज तिथे काही न सांगता पन्नास पावले जमा राहतात, आणि हवी असल्यास सेटिंग बदलून ती वाढवताही येतात. एकच माघार हाती असताना माणूस ब्रश टेकवण्यापूर्वी जो विचार करी, तो पन्नास हाती आल्यावर करीत नसावा असा माझा संशय आहे, पण हा संशय म्हातारपणाचाही असू शकेल.

यंत्राच्या पोटात हे घडते कसे, ते समजून घेतल्याशिवाय पुढे जाणे योग्य नाही. गणपती दहा घरे डावीकडे सरकवला असेल तर तो दहा घरे उजवीकडे सरकवला की काम भागते. इथे क्रियेला तिची उलट क्रिया असते. पण एखादे छायाचित्र धूसर केले, म्हणजे शेजारशेजारच्या ठिपक्यांचे रंग एकमेकांत मिसळून टाकले, की त्या मिसळीतून मूळचा रंग निवडून काढण्याची खात्रीची उलट क्रिया नाही. तेव्हा यंत्र एवढेच करते, की क्रियेपूर्वीच्या स्थितीची नक्कल आपल्या दप्तरात ठेवून देते आणि तुम्ही माघार घेतली की ती नक्कल पुढे करते. कर्म उलटले, असे आपल्याला वाटते; प्रत्यक्षात जुना कागद नव्या कागदावर आणून ठेवलेला असतो. ईमॅक्स नावाचा एक जुना संपादक आहे, तो तर याहून कडवा: त्यात माघार घेणे हीदेखील एक क्रिया म्हणून नोंदली जाते, आणि माघारीचीही माघार घेता येते. आमच्या कर्मवाद्यांना तो फार आवडला असता.

पुसून टाकण्याचीही हीच कथा. रिसायकल बिन रिकामी केली म्हणजे फाईल नष्ट झाली अशी आपली समजूत असते, परंतु जुन्या धर्तीच्या, फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कवर केवळ तिची नोंद खोडली जाते; मजकूर आपल्या जागी तसाच पडून राहतो, आणि त्या जागेवर दुसरे काही लिहिले जाईपर्यंत जाणकार माणूस तो परत काढू शकतो. म्हणून चुकून फाईल उडाली तर त्या डिस्कवर एक अक्षरही नवे लिहू नये, हा सल्ला जाणकार पहिल्याने देतात. संचित या शब्दाचा अर्थ मला अनेक टीकांपेक्षा या सल्ल्याने अधिक नीट कळला. नव्या एसएसडीत ती जागा पुष्कळदा लगेच साफ होते, तेव्हा तिथे हा भरवसा धरू नये.

मंडालेच्या तुरुंगात १९१०-११ च्या हिवाळ्यात टिळकांनी गीतारहस्याचा मसुदा लिहिला तो शाईने नव्हे, शिसपेन्सिलीने. आणि सुटे कागद न देता सरकारने त्यांना पाने मोजून क्रमांक घातलेल्या बांधीव वह्या दिल्या होत्या. म्हणजे अक्षर पुसता येत होते, पान फाडता येत नव्हते. कर्मविपाकावर लिहायला याहून समर्पक सामग्री मला सुचत नाही. त्या विषयाच्या प्रकरणात टिळक संचित, प्रारब्ध आणि क्रियमाण ही रूढ त्रयी जशीच्या तशी घेत नाहीत. ब्रह्मसूत्रांच्या आधाराने ते कर्माचे दोनच भाग करतात: ज्याचे फळ सुरू झाले ते प्रारब्धकार्य, आणि ज्याचे फळ सुरू व्हायचे आहे ते अनारब्धकार्य. ज्ञानाने नाहीसे होते ते हे दुसरे. पहिल्यापुढे ज्ञान्याचाही इलाज चालत नाही, कारण सुटलेला बाण वेग ओसरेपर्यंत जाणारच आणि मडके उतरवून घेतले तरी कुंभाराचे चाक काही वेळ फिरणारच, असे दृष्टान्त वेदान्ती देत आले आहेत.

हा भेद ध्यानात आल्यावर मला त्या मुलाच्या करंगळीचे रहस्य उलगडले. कंट्रोल-झेडचा अंमल जेवढा चालतो तेवढा सगळा अनारब्धकार्याच्या मुलखात चालतो. पडद्यावरचा गणपती हलला तेव्हा त्या खोलीबाहेर कोणाचेही काही बरेवाईट झालेले नव्हते. जीमेलमध्ये पाठवलेले पत्र परत घेण्याची जी सोय आहे, ती या दृष्टीने मुद्दाम पाहण्यासारखी आहे. २००९ साली प्रयोगादाखल आलेली आणि २०१५ पासून सर्वांना खुली झालेली ही सोय पाठवलेले पत्र परत आणीत नाही, कारण ते आणणे शक्यच नाही. ती पत्र पाठवतच नाही. तुम्ही कळ दाबल्यावर यंत्र पाच, दहा, वीस किंवा तीस सेकंद, जशी मुदत तुम्ही ठरवून दिली असेल तशी, पत्र आपल्यापाशी थांबवून धरते, आणि तेवढ्या अवधीत तुमचा विचार फिरला तर ते पुन्हा मसुद्यात टाकते. मुदत सरली की ब्रह्मदेवाचा बापही ते मागे घेऊ शकत नाही. जिला आपण परिमार्जन म्हणतो, ती निव्वळ तहकुबी असते.

मराठी दप्तरखान्याला ही गोष्ट अपरिचित नव्हती. कारकुनाने मसुदा करावा, त्यात खाडाखोड व्हावी, शुद्ध प्रत निघावी, आणि सर्वांत शेवटी मजकुराच्या टोकाशी मोर्तब, म्हणजे मर्यादेची मुद्रा, उमटावी; तिच्यापुढे एक अक्षरही घालण्याची कोणास सोय राहू नये. शिक्कामोर्तब झाले, असे आपण आजही म्हणतो. आजच्या छपाईच्या धंद्यात हेच काम कंट्रोल-क्यू करते. कोरल ड्रॉमध्ये केलेली पत्रिका छापखान्यात पाठवायची तर तिथे तोच फॉन्ट असेल याची खात्री नसते, आणि नसला तर जोडाक्षरे तुटतात. म्हणून ऑपरेटर सगळी अक्षरे निवडून ती कर्व्ह करतो. कर्व्ह झालेले अक्षर दिसायला अक्षरच राहते, पण ते मग अक्षर नसते, रेघांचे चित्र असते. त्याची वेलांटी बदलता येत नाही, आणि फाईल एकदा सेव्ह करून बंद केली की माघारीची पावलेही तिच्याबरोबर जातात. म्हणून शहाणा ऑपरेटर ओपन फाईल निराळी ठेवतो आणि कर्व्हची निराळी.

आमच्या मुलाने ती निराळी ठेवली नाही; पण दोष सर्वस्वी त्याचा नव्हे. वेळ वाचावा म्हणून त्याने कोणा दुसऱ्याच्या जुन्या पत्रिकेवर आमची नावे चढवली होती, ही या धंद्यातली सर्वांत प्रचलित युक्ती, आणि त्या चढवण्यात वधूच्या आजोबांच्या नावामागचे जुने "कै." तसेच राहून गेले. आजोबा म्हणजे माझे वडील, आबा, नव्वदी ओलांडलेले आणि रोज सकाळी पायी पर्वतीच्या पायथ्यापर्यंत जाऊन येणारे. प्रूफ मी दोनदा वाचले होते. सही माझी होती. चारशे पत्रिका छापून आल्या, त्यांतल्या साठ मी स्वतः टपालात टाकल्या, आणि चौथ्या दिवशी नागपूरच्या आत्याचा, मला कोणी कळवलेही नाही म्हणून रडतच, फोन आला.

तो फोन आबांनी उचलला.

उरलेल्या तीनशे चाळीस पत्रिकांवर आम्ही घरातल्या सहा माणसांनी दोन रात्री बसून "श्री." छापलेल्या चिमुकल्या चिकटपट्ट्या लावल्या. साठ ठिकाणी फोन केले. आबांनी भिंग लावून स्वतःचे नाव पाहिले आणि म्हणाले, "बरे झाले. आता अहेराचा प्रश्न तुमच्याकडे." तो मुलगा दुसऱ्या दिवशी घरी आला, त्यांच्या पाया पडला, चहा घेऊन गेला.

आमच्या धर्मशास्त्राला या घटनेत मुळीच नवल वाटले नसते. पांडुरंग वामन काणे यांनी आपल्या धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या चौथ्या खंडात, जो १९५३ साली निघाला, प्रायश्चित्ताचा जो अफाट पसारा मांडला आहे, त्यात एक प्रश्न पुन्हा पुन्हा डोके वर काढतो: प्रायश्चित्ताने पाप जाते, की पापी माणूस केवळ इतरांत वावरण्यास पात्र होतो? याज्ञवल्क्याचे उत्तर मला फार सूक्ष्म वाटते. अजाणता घडलेले पाप प्रायश्चित्ताने जाते. जाणूनबुजून केले असेल तर कर्ता व्यवहारास योग्य होतो, एवढेच. व्हॉट्सॲपवर पाठवलेला निरोप सर्वांसाठी पुसण्याची सोय २०१७ साली आली तेव्हा तिला सात मिनिटांची मुदत होती, आज ती दोन दिवसांहून थोडी अधिक आहे. पण निरोप पुसला तरी त्याच्या जागी, येथील निरोप पुसला आहे, अशी करड्या अक्षरांची पाटी राहते. पाप गेले नाही, माणूस व्यवहार्य झाला. जैनांच्या प्रतिक्रमण या शब्दाचा धात्वर्थही मागे पाऊल घेणे असाच आहे. परंतु संवत्सरीला जैन माणूस ते पाऊल एकान्तात टाकून थांबत नाही, ज्याचा अपराध झाला असेल त्याच्या दारी जाऊन क्षमा मागतो. कळ दाबून जे होत नाही ते दारी जाऊन होते, निदान व्हायला लागते.

इथवर आल्यावर कर्माची सीमा कर्त्याच्या हाताशी नसून दुसऱ्याच्या उंबऱ्याशी आहे, असे म्हणून मोकळे व्हावे असे मला वाटले होते. पण बौद्ध तसे होऊ देत नाहीत. बुद्धाच्या मते चेतना, म्हणजे मनातला संकल्प, हेच कर्म. मग रागाने लिहिलेले आणि तिसाव्या सेकंदाच्या आत मागे घेतलेले पत्र कोणाच्या खाती जमा धरायचे? ज्याला ते जायचे होते त्याचे काही बिघडले नाही हे खरे, आणि तेवढ्यापुरती ती सोय लाख मोलाची आहे. पण लिहिणाऱ्याची बोटे त्या शब्दांना सरावली, आणि त्या सरावाची माघार कोणत्याही दालनात जमा राहत नाही. मागे घेता येणे आणि न केलेले असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पन्नास पावलांची मुभा आपल्याला त्या एकच वाटायला लावते, एवढाच माझा तिच्यावर आक्षेप आहे. ती काढून घ्यावी असे मी म्हणणार नाही. हा लेख लिहितानाच मी ती किती वेळा वापरली हे मोजलेले नाही.

परवा त्या दुकानात गेलो होतो. मुलगा तसाच बसला होता, करंगळी कंट्रोलवर. पडद्याच्या कडेला एक चिठ्ठी चिकटवलेली होती आणि तिच्यावर बॉलपेनने लिहिले होते: "कर्व्हच्या आधी कै. बघणे."