किनवटहून नागसेनवनाकडे

आदिवासी मुलगा कॉलेज मध्येच का सोडतो, या प्रश्नाची उत्तरे आपल्याकडे ठरलेली आहेत: घरची गरिबी, निरक्षर पालक, इंग्रजीची धास्ती. ती खोटी नाहीत. पण त्यांत कॉलेजबद्दल चकार शब्द नसतो, आणि म्हणूनच ती सगळ्यांना सोयीची वाटतात.

व्हिन्सेंट टिंटो या अमेरिकी अभ्यासकाने १९७५ मध्ये मांडले की, विद्यार्थी कॉलेजच्या जगात जितका मिसळतो तितका तिथे टिकतो. जुने सोडून नव्यात शिरणे हा त्याच्या लेखी एक संस्कारविधीच होता. १९९२ मध्ये विल्यम टिअर्नी यांनी यावर हरकत घेतली. संस्कार आपल्याच माणसांत होतो. मुंज कुणी परक्याच्या घरी जाऊन, आपले कुलदैवत विसरायच्या बोलीवर लावत नाही. तिथल्या मूळनिवासी मुलांकडून मात्र नेमकी हीच अपेक्षा होती. त्याच्या आदल्याच वर्षी कर्कनेस आणि बार्नहार्ट यांनी विद्यापीठांपुढे चार अपेक्षा ठेवल्या होत्या: आदर, मुलांच्या जगण्याशी संबंध, देवाणघेवाण आणि जबाबदारी. चारही विद्यापीठाने पुऱ्या करायच्या, मुलांनी नव्हे.

हे समजायला छत्रपती संभाजीनगरच्या माणसाला अमेरिकेपर्यंत जायची गरज नाही. निजामी राजवटीत उच्च शिक्षणासाठी हैदराबादचे उस्मानिया गाठावे लागे आणि तिथे माध्यम उर्दू. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५० मध्ये इथे कॉलेज काढले, ते पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून नावारूपाला आले. कॉलेजच्या नागसेनवन परिसरात वसतिगृहे उभी राहिली. प्राचार्य म. भि. चिटणीस यांनी ‘युगयात्रा’ नाटक लिहिले आणि विद्यार्थ्यांनी ते रंगमंचावर आणले. पुढे मिलिंदमध्येच शिकवणाऱ्या गंगाधर पानतावणे यांनी ‘अस्मितादर्श’ नियतकालिक चालवले. खेड्यातून आलेल्या दलित पोराला इथे आपला भूतकाळ दडवावा लागला नाही. तोच त्याच्या लेखनाचा विषय झाला. माझ्या मते मराठवाड्यातला सर्वांत यशस्वी शैक्षणिक प्रयोग हाच, आणि शिक्षणशास्त्राच्या वर्गात तो शिकवला जात नसेल तर ते आपले करंटेपण.

हे आदिवासींच्या बाबतीत का घडले नाही? सुरुवात झाली होती. मराठवाड्यातला आदिवासीबहुल किनवट तालुका १९५६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यात होता. त्याच जिल्ह्यात १९४० साली जोडेघाटला गोंडांच्या बंडाचा नेता कोमराम भीमू मारला गेला, आणि हादरलेल्या निजाम सरकारने मानवशास्त्रज्ञ हायमेनडॉर्फ यांना कारणे शोधायला धाडले. त्यांनी मारलवाई इथे गोंड तरुणांना शिक्षक म्हणून तयार करण्याचे केंद्र काढले. गोंडीची पुस्तके देवनागरीत छापली. बंडाच्या भीतीपोटी का होईना, मुलाची भाषा वर्गात आली. पुढे राज्ये भाषावार झाली. किनवट मराठीकडे आले, उरलेले आदिलाबाद तेलुगूकडे गेले. गोंडीच्या वाट्याला राज्य आले नाही.

आज शिष्यवृत्ती आहे, वसतिगृहे आहेत. २०२१-२२ च्या अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणात उच्च शिक्षण घेणारे आदिवासी विद्यार्थी २७ लाखांवर होते. एकूण विद्यार्थ्यांत सहा टक्क्यांच्या आसपास. लोकसंख्येतला त्यांचा वाटा २०११ च्या जनगणनेत ८.६ टक्के होता. म्हणजे दारापर्यंतची वाट थोडीफार मोकळी झाली. आत मात्र हा विद्यार्थी आधी कागद असतो: जात वैधता झाली का, शिष्यवृत्तीचा फॉर्म कुठे अडला? २०१८ मध्ये वसतिगृहातली मेस बंद करून खात्यात पैसे देण्याच्या निर्णयाविरुद्ध आदिवासी मुले पुण्याहून नाशिककडे पायी निघाली. एकत्र जेवण गेले की एकत्र राहणेही जाते, हे त्यांना कुठल्याही सिद्धान्ताशिवाय कळले होते.

त्या चार अपेक्षांपैकी उणीव आहे ती देवाणघेवाणीची. किकरी या तंतुवाद्यावर गोंडांच्या कुळकथा गाणारा परधान जमातीचा गायक पीएच.डी.च्या प्रबंधात ‘माहितीदाता’ म्हणून येतो आणि ऋणनिर्देशात संपतो. त्याच्या नातवाला त्याच विभागात प्रवेश मिळतो, पण अभ्यासक्रमात आजोबा नसतात. आता तर ‘भारतीय ज्ञान प्रणाली’ला श्रेयांक आहेत आणि विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ पासून ‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’ नेमायची मुभा दिली आहे. त्यासाठी पदवीची सक्ती नाही, पंधरा वर्षांचा अनुभव पुरतो. मोठमोठे अधिकारी आणि उद्योजक या पदांवर येतील, येऊ देत. मराठी आणि समाजशास्त्र विभागांनी एखादी जागा किनवटच्या परधानासाठी ठेवायला नियम आड येत नाही.