न सुजलेली जखम

ऐन वेचणीत धाड गावातल्या आजीचे गुडघे धरले. वावर कापसानं पांढरं झालेलं, घरात माणसं मोजकी. कुणीतरी बाजारातून पुड्या आणून दिल्या. त्यांवर औषधाचं नाव नव्हतं. तिसऱ्या दिवशी आजी ओटी बांधून वावरात! असा उतार पडल्यावर पुडीत काय आहे, हे कोण विचारील? मला तरी आजीला दोष द्यावासा वाटत नाही.

दोन महिन्यांत चेहरा गोल भरला. तब्येत सुधारली म्हणून शेजारणी खूश.

मग पायात बाभळीचा काटा मोडला. सूज नाही, लाली नाही, तापही नाही; सगळ्यांना ते बरं लक्षण वाटलं. आठ दिवसांनी पाय धुताना नातीला काट्याभोवतीची कातडी काळी पडलेली दिसली. तिनं आजीला थेट बुलढाण्याला नेलं.

गोल चेहरा, पातळ झालेली कातडी, वाढलेली साखर पाहून डॉक्टरांना स्टिरॉइडची शंका आली. रक्तात पांढऱ्या पेशी सोळा हजार. एरवी चार ते अकरा हजार असतात.

"मंग लढायले पेशी तं भरपूर हायेत!" आजी म्हणाली.

"रक्तात आहेत, जखमेत नाहीत," डॉक्टर म्हणाले. "एरवी कितीतरी पेशी रक्तवाहिनीच्या भिंतीला चिकटून असतात. जखम झाली की तिथूनच बाहेर सरकतात. सूज, लाली, पू ही त्यांच्या कामाची खूण. या औषधानं त्यांची पकड सुटते. त्या रक्तात वाहत राहतात, म्हणून आकडा फुगतो. पण जखमेपर्यंत पोचतात थोड्याच."

स्टिरॉइडच २०२० मध्ये प्राणवायूवर असलेल्या कोरोना रुग्णांचे जीव वाचवत होतं. पुढच्याच वर्षी महाराष्ट्रात म्युकरमायकोसिस हा बुरशीचा आजार पसरला, तेव्हा अनियंत्रित साखर आणि स्टिरॉइडचा अतिरेक ही त्याची मोठी कारणं ठरली.

जखम साफ झाली, साखरेवर उपचार सुरू झाले. स्टिरॉइड मात्र डॉक्टरांनी मोजून दिलं आणि आठवड्या-आठवड्यानं कमी केलं. बाहेरून मिळत राहिलं की शरीर स्वतःचं तयार करणं मंदावतं. अचानक बंद केलं तर रक्तदाब कोसळू शकतो.

आजी घरी आली. शेजारणीच्या डब्यातही तशाच पुड्या होत्या. सगळं ऐकून ती त्या चुलीत टाकायला उठली. आजीनं तिचा हात धरला.

"टाकू नको वं. एकदम बंद केलं तं आणखी बिघडल. पुड्या संगं घे, उद्या सकाळच्या एसटीनं दोघी बुलढाण्याले जाऊ."