हाताची किंमत

अण्णा भाऊ साठे यांच्या ‘स्मशानातील सोनं’ या कथेतला भीमा वारणाकाठचा, अंगानं पैलवान. मुंबईत खाणीचं काम सुटलं आणि हा गडी चितेच्या राखेत सोनं चाळू लागला, पुढं मढीही उकरू लागला. लोक म्हणतात, हे पाप नव्हं का? मी म्हणतो, पाप कुणाचं ते आधी ठरवा. कष्टाला तयार असलेल्या हाताला काम मिळंना, की माणूस स्वतःच्याच नजरेतून उतरतो. हमाली-तोलाई कापून कांद्याच्या पट्टीवर काहीच न उरलेला शेतकरीही घरात मान खाली घालूनच शिरतो. मढ्याच्या जबड्यात अडकून भीमाची बोटं गेली, आणि त्याच दिवशी खाण पुन्हा सुरू झाल्याचं कळलं. म्हणून काम वेळेवर मिळावं. उशिरा आलेलं काम धरायला हात शाबूत राहत नाहीत.