त्यागाची उधारी

घरासाठी आवड बाजूला ठेवली की आपण त्याला त्याग म्हणतो. पण मनात हिशेब चालू असेल तर? ‘तुमच्यासाठी मी सगळे सोडले’ ही उधारी घरच्यांना कधीच फेडता येत नाही. त्यांनी ती मागितलेलीही नसते.

ए. के. हंगल फाळणीनंतर, १९४९ मध्ये, कराचीहून मुंबईत आले. शिवणकामावर पोट चालले. नाटक मात्र त्यांनी ‘नंतर’वर टाकले नाही, इप्टामध्ये ते करत राहिले. चित्रपट मिळू लागले तेव्हा पन्नाशी उलटली होती. ‘शोले’तले रहीम चाचा ते हेच!

तुम्हीही घरासाठी काही मागे ठेवले असेल. या महिन्याचा पगार घरी देताना मनात काय उमटते, तेवढे पाहा.