ओवी कोणाच्या मालकीची?

राजसत्तेची आज्ञा कोठवर मानावी, हा प्रश्न काही आजचा नव्हे. शेतसारा मागितला तर द्यावा. पण देव कोणता नि बोली कोणती, हेही तीच ठरवू लागली तर? गोमंतकात साष्टी-बारदेशच्या रयतेपुढे सोळाव्या शतकात हाच पेच पडला. पोर्तुगीजांनी देवळे पाडली, १५६० साली धर्मन्यायासन बसविले. भाविकांनी कुशस्थळीचा मंगेश नदीपलीकडे प्रियोळास नेला. कुंकळ्ळीच्या गावकऱ्यांनी मात्र १५८३ साली शस्त्र धरले आणि चर्चसाठी जागा पाहायला आलेल्या ५ जेझुइटांना मारले. निःशस्त्राला मारणे आम्ही पुण्यात धरीत नाही. पण सत्तेने पुढे काय केले? बोलणी करू म्हणून गावकऱ्यांना आसोळण्याच्या किल्ल्यात बोलावले आणि तेथेच कापले! दिलेला शब्दच खोटा, मग आज्ञेची किंमत ती काय उरली?

इथवर निवाडा सोपा. अवघड ते पुढेच.

फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यास आला. त्याच सत्तेच्या छायेत राहिला, आणि मराठी शिकला. १६१६ साली राशोलला त्याचे ‘ख्रिस्तपुराण’ छापून निघाले. लिपी रोमन, कथा येशूची, छंद मात्र आपल्या ज्ञानोबारायांचा! सुमारे ११ हजार ओव्या, वर मराठीचे तोंडभर कौतुक. नाथमहाराजांनी ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला तो १५८४ साली. काळ किती जवळचा बघा.

कोणी माळकरी म्हणेल, ‘अहो, बाटवायला रचलेली पोथी ती, तिला हात कशाला लावायचा?’ ही तळमळ आम्हांला कळते. ज्यांची पुराणे हिरावली त्यांच्याच हाती बदली पुराण द्यायचे, हा हेतू आम्हीही माफ करीत नाही. पण हेतू स्टीफन्सचा, ओवी काही त्याची नव्हे. लोकांच्या काळजात शिरायचे तर त्यांच्याच छंदाच्या दारी उभे राहावे लागते, हे त्या परक्याला उमगले होते. सत्तेला ते उमगले नाही. संभाजी महाराजांची स्वारी नुकतीच येऊन गेली होती. त्याच १६८४ साली व्हाइसरॉयने हुकूम काढला की, ३ वर्षांत लोकांनी आपली बोली टाकून पोर्तुगीज बोलावी.

ती पोथी देव्हाऱ्यात नको, फळीवर असू द्या. पण वाचा, असे आम्ही सांगू. हुकमाचे म्हणाल तर बोली काही सुटली नाही, आणि गोव्याच्या ख्रिस्ती घरांतसुद्धा लग्नाला बायका कोकणीत ‘वोव्यो’च म्हणत राहिल्या.