परसातले पाणी

फोंडा तालुक्यातील आमच्या वडिलार्जित घराच्या मागे, जिथे पूर्वी गोठा होता आणि आता नुसते गवत माजते, तिथे पोहण्याचा तलाव बांधण्याचे आमच्या पुतण्याने योजिले आहे. घर त्याचे, जमीन त्याची, पैसाही त्याच्याच कष्टाचा. तेव्हा माझ्या अनुमतीचा प्रश्न नव्हता आणि ती त्याने मागितलीही नाही. आराखडा पुढे ठेवून त्याने एवढेच विचारले, "काका, खोदाईच्या आधी भूमिपूजन तर करायचेच. पण तलाव भरल्यावर त्या पाण्याचीही काही प्रतिष्ठा असते ना? तुमच्या पोथ्यांत पाहून सांगा, म्हणजे गुरुजींना तसे कळवतो."

प्रश्न साधा होता. उत्तर मात्र मला चार दिवस देता आले नाही. जलाशयाची प्रतिष्ठा आपल्या शास्त्रांत आहे, पुराणांत तिचा विधी विस्ताराने सांगितला आहे, आणि गृह्यकर्मांच्या ग्रंथांतही ती येते. वरुणाचे पूजन होते, धातूची कासवे आणि मासे पाण्यात सोडतात, गाय पाण्यातून पलीकडे नेतात. (निळ्या गुळगुळीत फरशीच्या तलावात गाय कशी उतरवावी याचा विचार मनात आला आणि हसू आले, हे कबूल करतो.) पण या सगळ्या सोहळ्याचे मर्म शेवटच्या उच्चारात आहे. कर्ता म्हणतो की हे पाणी मी सर्व भूतांसाठी सोडले. यालाच उत्सर्ग म्हणतात. दानात घेणारा कोणी असतो. उत्सर्गात घेणारा नसतो, फक्त सोडणारा असतो. त्या क्षणापासून पाण्यावरील त्याचे स्वामित्व जाते आणि ते नदीच्या पाण्यासारखे सर्वांचे होते. मग त्याने स्वतः तिथे स्नान करावे की नाही, अशीही शंका शास्त्रकारांनी काढली आहे. सर्व भूतांत तोही एक आहे, म्हणून त्यालाही मुभा आहे, असे तिचे उत्तर दिले गेले. मालक म्हणून नव्हे, तर प्राणिमात्रांतील एक म्हणून त्याने पाण्यात उतरावयाचे. तेव्हा पुतण्याच्या तलावाला प्रतिष्ठा हवी असेल, तर पाणी सोडावे लागेल; आणि सोडायचे नसेल, तर प्रतिष्ठा नाही. हे त्याला कसे सांगावे, हा माझा पेच होता.

कोणी म्हणेल, या विधीच्या काथ्याकुटाने काय साधणार? गोव्यात आज घरोघरी नसले तरी बंगलोबंगली असे तलाव झाले आहेत; कोणी गाय उतरवीत नाही आणि कोणाचे काही बिघडत नाही. परंतु मला वाटते, पुतण्याने नकळत नेमका प्रश्न विचारला. तलाव बांधणे हे पाप की पुण्य, हा प्रश्न पोकळ आहे. ते पाणी कोणाचे, हा खरा प्रश्न.

आधी तलाव काय आहे ते पाहू. लांबी पंचवीस फूट, रुंदी बारा. उथळ टोकाला साडेतीन फूट, खोल टोकाला साडेपाच. सरासरी साडेचार फूट धरली तर साडेतेराशे घनफूट, म्हणजे सुमारे ३८ हजार लिटर पाणी. जलजीवन योजनेत २०१९ पासून खेड्यातील माणसामागे दिवसाला ५५ लिटर हे मान धरलेले आहे. त्या मानाने पाच माणसांच्या कुटुंबाला साडेचार महिने पुरेल इतके पाणी एका खड्ड्यात. हा हिशेब मी पुतण्याला दाखविला, तेव्हा त्याने शांतपणे उत्तर दिले की तलाव रोज रिता करावयाचा नसतो. पंप तेच पाणी वाळूच्या गाळणीतून फिरवीत राहतो, दर सहा-आठ तासांनी सगळे पाणी एकदा गाळून निघते, आणि क्लोरीन व आम्लता यांचे माप नीट ठेवले तर एकदा भरलेले पाणी पुष्कळ काळ टिकते. त्याचे म्हणणे खरे होते. उन्हाळ्यात दिवसाला पाच मिलिमीटर पाणी उडून गेले, तर ते १४० लिटरांच्या घरात जाते. गाळणी उलट धुताना आणखी थोडे. कुळागराच्या शिंपणापुढे हे काहीच नव्हे. केवळ पाण्याच्या मोजमापाने या गोष्टीला दोष देऊ पाहणारा मनुष्य फसतो. मीही फसलो होतो.

भूमीचे म्हणणे मात्र निराळे आहे. आपल्याकडे जांभा दगड. पावसाळ्यात तो पाणी पितो आणि जमिनीखालची पातळी हातभर अंतरावर येऊन ठेपते. अशा वेळी कोणी स्वच्छतेसाठी तलाव रिता केला, तर खालच्या पाण्याचा दाब त्या रित्या काँक्रीटच्या पेटीला होडीसारखा वर उचलू शकतो. भिंती तडकतात, नळ तुटतात. म्हणून तळाशी दाब मोकळा करणारी झडप ठेवतात आणि आषाढ-श्रावणात तलाव रिता करू नये असे जाणते लोक सांगतात. मनुष्य 'माझे पाणी' म्हणून चार भिंती उभारतो आणि बाहेरचे पाणी त्या भिंती तळातून उचलू पाहते, हे ऐकून मी थोडा वेळ गप्प बसलो.

आता पुन्हा पोथीकडे. दुसऱ्याच्या तळ्यात कधी स्नान करू नये, तसे केल्यास तळे करणाऱ्याच्या दुष्कृताचा अंश लागतो, असे मनुस्मृती म्हणते. याज्ञवल्क्य अधिक व्यवहारी आहे. परक्याच्या पाण्यात उतरावयाचे असेल, तर आधी तळातील मातीचे पाच गोळे बाहेर काढावे, असे तो सांगतो. स्नान करणाऱ्या प्रत्येकाने पाच मुठी गाळ उपसला असता, तर आपल्या किती तळ्या आज जिवंत राहिल्या असत्या! आणि चालुक्यांच्या कल्याणीस बसून याज्ञवल्क्यावर मिताक्षरा लिहिणारा विज्ञानेश्वर 'परक्याचे पाणी' म्हणजे काय ते उलगडतो: जे सर्व प्राण्यांच्या उद्देशाने सोडलेले नाही ते. स्वतःचे, उत्सर्ग केलेले आणि मालकाने अनुज्ञा दिलेले, अशा पाण्यांत गोळे न काढताही स्नान करता येते. म्हणजे स्वतःचे पाणी असणे हा शास्त्राच्या दृष्टीने गुन्हा नाही. पुतण्याचा तलाव धर्मबाह्य नाही. फक्त तो पूर्त नाही. विहिरी, तळी, देवालये, अन्नदान, बागा हा पूर्तधर्म. अहल्याबाई होळकरांचे नाव आजही माळव्यापासून काशीपर्यंत ज्यामुळे घेतले जाते, तो. आणि त्याचा अधिकार स्त्रियांना व शूद्रांनाही आहे, असे शास्त्रकारांनीच मानले.

इथपर्यंत माझे उत्तर तयार झाले होते. मोठ्या समाधानाने मी ते पुतण्याला ऐकवले आणि पुढे पदरचे व्याख्यानही जोडले: आमच्या लहानपणी देवळाची तळी होती, दोन सुके नारळ दोरीने बांधून पोटाखाली घेत आम्ही तिथे पोहायला शिकलो, काठावर सगळा गाव असे, अशी सामायिक तळी सोडून प्रत्येकाने आपापल्या परसात डबके करणे म्हणजे समाजातून अंग काढून घेणे, वगैरे वगैरे. त्याची तेरा वर्षांची मुलगी तिथेच बसली होती. ती म्हणाली, "आजोबा, आजी पण तिथेच पोहायला शिकली का?"

तिची आजी, माझी वहिनी, तळीच्या काठी जन्मभर राहिली. तिला पोहता येत नव्हते. बायका पायऱ्यांवर बसून अंगावर तांब्याने पाणी घेत, तेही पहाटे अंधारात. 'सगळा गाव' असे मी म्हणालो खरा. पण त्यात गावाचा अर्धा भाग धरलाच नव्हता.

आणि दुसरा एक भागही. सर्व भूतांसाठी सोडलेल्या पाण्याच्या काठावर कोणाला येऊ द्यायचे नाही, हे आपण फार काटेकोरपणे ठरविले होते. गाय चाले, म्हैस चाले, पक्षी चाले. महाडचे चवदार तळे तर नगरपालिकेचे. मुंबईच्या कायदेमंडळाने १९२३ मध्ये सार्वजनिक पाणवठे खुले करण्याचा ठराव केला आणि महाडच्या पालिकेने १९२४ मध्ये त्याला अनुसरून ठराव केला; तरीही २० मार्च १९२७ रोजी डॉक्टर आंबेडकर आपल्या अनुयायांसह तिथे जाऊन ओंजळभर पाणी प्यायले, तेव्हा लोकांवर मारहाण झाली आणि नंतर पंचगव्याच्या १०८ घागरी ओतून ते तळे 'शुद्ध' करण्यात आले. खटला मुंबईच्या उच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९३७ मध्ये निकाल लागला की असा बहिष्कार ही अनादि रूढी आहे, हे वादींना सिद्ध करता आले नाही. उत्सर्गाचा अर्थ न्यायालयाला सांगावा लागला नाही. तो आम्हाला, संकल्प म्हणणाऱ्यांना, आधी कळावयास हवा होता. गोव्यातील आपल्या देवस्थानांच्या तळ्यांविषयी वाचकांनी आपापल्या वडीलधाऱ्यांना विचारावे. मी माझ्या आठवणीला विचारले आणि उत्तर सुखाचे नव्हते.

परसातील तलावाची आवड जिथून आपल्याकडे आली, त्या अमेरिकेतही ही गोष्ट अशीच गुंतागुंतीची आहे. तिथे शहरोशहरी सार्वजनिक तलाव होते. काळ्या लोकांनाही त्यांत उतरू द्यावे लागेल असे न्यायालये सांगू लागली, तेव्हा कित्येक गावांनी तलावच बंद केले. मिसिसिपीतील जॅक्सन शहराने तसे केले आणि १९७१ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ते चालवून घेतले. त्याच दशकांत ऐपतदार गोऱ्यांच्या घरामागे खाजगी तलाव वाढत गेले. प्रत्येक तलावामागे द्वेष होता असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. उन्हाळा, पैसा आणि मुलांची हौस ही कारणेही खरीच. पण सर्वांचे पाणी सर्वांचे होऊ लागले की आपले पाणी वेगळे करावेसे वाटणे, ही खोड एका देशाची नाही.

तेव्हा सामायिक तळीची थोरवी सांगून पुतण्याला लाजविण्याचा अधिकार मला उरला नाही. त्याची मुलगी त्या तलावात पोहायला शिकेल, हे तिच्या आजीला कोणत्याही तळीने दिले नव्हते. सामायिक पाण्याने जिला नाकारले तिला खाजगी पाणी मिळत असेल, तर त्या खाजगी पाण्यालाही न्यायाची एक बाजू आहे. इतके मान्य करूनही माझे मन पूर्ण निवत नाही. कारण वहिनीवर झालेला अन्याय तिच्या नातीपुरता भरून निघतो. शेजारच्या नातीचे काय, हे तसेच राहते.

मग मी व्याख्यान सोडून पुतण्याशी साध्या गोष्टी बोललो. तलावाची जागा शेजाऱ्याच्या विहिरीपासून दूर सरकवावी. गाळणी धुतलेले क्लोरीनचे पाणी उताराने थेट त्यांच्या पोफळींत जाऊ नये. ते वेगळ्या खड्ड्यात साठवावे आणि क्लोरीन उडाल्यावरच सोडावे. भरण्याचे पाणी कोठून आणणार ते आधी सांगावे, कारण टँकर ज्या विहिरीतून भरतो तीही कोणाच्या तरी वाडीची असते. गोव्याने २००२ मध्ये भूजलाचा कायदा केला तो उगाच नव्हे. आणि चारी बाजूंनी चार फूट उंचीचे कुंपण, फाटक आपोआप मिटणारे. लहान मूल पाण्यात पडले की ओरडत नाही. आवाज न होता जाते. आपल्या परसात कुंपण कमी आणि शेजारची मुले जास्त. पुतण्याने या सगळ्या गोष्टी आराखड्यावर लिहून घेतल्या. कुंपणाचा खर्च धरलेला नव्हता, तो त्याने तिथल्या तिथे धरला.

उत्सर्गाचे मी त्याला सांगितले. त्याने नीट ऐकून घेतले आणि विचारले, "म्हणजे कोणीही येईल?"

"कोणीही," मी म्हणालो.

"मालकाच्या अनुज्ञेनेही चालते, असे तुम्हीच म्हणालात ना?"

चालते. विज्ञानेश्वर तसे म्हणतो. मुलगी लगेच बोटांवर मैत्रिणी मोजू लागली. शाळेतल्या पाच, वाड्यावरच्या दोन, आणि खालच्या वस्तीतील एक, जी तिच्याच बाकावर बसते. शेवटचे नाव आले तेव्हा तिची आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती काही बोलली नाही, पुतण्या बोलला नाही, आणि इतका वेळ शास्त्र सांगणारा मीही बोललो नाही. मुलीने ते नाव इतरांसारखेच घेतले आणि पुढे विचारले की पोहण्याचे कपडे किती जणींना लागतील.

काम दिवाळीनंतर सुरू व्हावयाचे आहे. गुरुजींना मी तूर्त भूमिपूजनाचेच साहित्य कळविले आहे.